फिलूबाईंची हजेरी

आज मीच तुमच्या शहरात आले आहे, तर इकडं सरका जरा. अजून थोडं. असं उंबऱ्यावर एक पाय ठेवून बसाल तर कसं चालेल, ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. आणि आधी एक बोलून घेते, राग मानू नका. तुम्ही शहरातली माणसं शनिवार-रविवार आमच्या दारावरून गाड्या नेता, धरणाच्या कडेला कणसं खाता, फोटो काढता आणि तशीच माघारी जाता. कासार आंबोलीच्या फाट्यावर कधी वळला नाहीत. तहान लागली म्हणून नाही, वाट चुकली म्हणूनसुद्धा नाही. वळला असता तर रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या ओसरीवर फिलूबाईंची हजेरी तुमच्या कानांनी ऐकली असती.

ही हजेरी अशी. ओसरीवर निळी सतरंजी, तिच्यावर अकरा पोरं. समोर खुर्चीत फिलूबाई, मांडीवर जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. त्या एकेक नाव घेतात, पोरं "हजर टीचर" म्हणतात. अकरा नावं होतात. मग फिलूबाई चष्मा वर सरकवतात, शेताच्या कोपऱ्यातल्या उंबराकडं बघतात आणि बारावं नाव घेतात.

"तेरेझा."

कुणी काही बोलत नाही. फिलूबाई पेन उचलून थांबतात. एक मोठा श्वास आत जाऊन बाहेर यावा इतका वेळ. अकरा पोरंपण माना वळवून उंबराकडं बघतात, कारण टीचर बघतात. उंबराचं एखादं फळ खाली पडतं, पट्कन. मग फिलूबाई रजिस्टरात काहीतरी लिहितात आणि शिकवायला लागतात.

तेरेझा नावाची पोरगी आमच्या गावात नव्हती. पिरंगुटला नव्हती, पौडला नव्हती. पण सतरंजीवर तिची जागा होती. छोट्या रोझीच्या शेजारी, खांबाला लागून. नवीन पोर तिथं बसायला गेलं की फिलूबाई अगदी मऊ आवाजात म्हणायच्या, "बाळा, ती जागा धरलेली आहे." पोर उठायचं. मीसुद्धा एकदा तिथं तांदूळ निवडायला बसले तर मलाही उठवलं. माझ्याच ओसरीवरून.

बाई मूळच्या नगरकडच्या. पूर्ण नाव फिलोमिना, पण ते आमच्या गावाला पेललं नाही. पुण्यातल्या एका शाळेत तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं, निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेलेला. पुतण्या पिरंगुटच्या कंपनीत लागला म्हणून जवळ खोली शोधत होत्या. माझ्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आल्या त्या एक लोखंडी खाट, एक पवित्र मरियेची माझ्या खांद्याइतकी उंच मूर्ती आणि बिस्किटांचे सतरा रिकामे पत्र्याचे डबे घेऊन. मी विचारलं, "टीचर, डबे कशाला एवढे?" तर म्हणाल्या, "लागतात, आक्का. दरवर्षी एक गंजतो."

कशात गंजतो ते मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

पिरंगुटच्या कारखान्यांत लांबलांबची माणसं येतात. झारखंडची, केरळची, काही वसईची, काही नगरचीच. त्यांतली बरीच ख्रिस्ती. चर्च पडलं लांब शहरात, आईबाप शिफ्टवर, पोरांना धर्म शिकवणार कोण? तर फिलूबाई. फादरांना विचारून त्यांनी माझ्या ओसरीवर वर्ग सुरू केला. मी परवानगी दिली, कारण एक तर बाई मला आवडली होती आणि दुसरं म्हणजे रविवारी सकाळी घरात आम्ही तिघंच. मी, माझा मुलगा संतोष आणि माझी धाकटी जाऊ हौसा. त्या दोघांची तोंडं बघण्यापेक्षा पोरांची बघितलेली बरी.

फिलूबाईंचं एक पालुपद होतं. कशालाही म्हणायच्या, "माती तिचं काम करतेय, आपण आपलं करू." दूध नासलं, माती तिचं काम करतेय. बस चुकली, माती तिचं काम करतेय. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हाही तेच म्हणाल्या, तेव्हा मात्र मी म्हटलं, "टीचर, माझ्या गुडघ्यांपर्यंत इतक्यात नका आणू मातीला."

आता त्यांचा उपवासकाळ सांगते, कारण सगळं घडलं ते त्यातच. त्यांच्यात ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास, प्रार्थना आणि दानधर्म असतो. येशूनं रानात चाळीस दिवस उपाशी काढले, त्याची आठवण. राखेच्या बुधवारी सुरुवात. त्या चाळीस दिवसांत 'आलेलुया' म्हणायचं नाही. तो त्यांचा आनंदाचा शब्द, देवाची स्तुती. एरवी प्रत्येक गाण्यात असतो, उपवासकाळात तोंडातून काढायचा नाही.

आता एवढंच सांगून एखादी बाई गप्प बसली असती. फिलूबाईंनी काय केलं, राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी प्रत्येक पोराला कागद दिला. त्यावर रंगीत खडूंनी 'आलेलुया' लिहायला लावलं. ते कागद बिस्किटाच्या डब्यात घातले, डब्याला जांभळं फडकं बांधलं आणि सगळी मिरवणूक काढून माझ्या शेतातल्या उंबराखाली खड्डा करून तो पुरला. वर माती लोटली. अकरा पोरांनी एकेक मूठ टाकली. फिलूबाई म्हणाल्या, "शब्द गेला जमिनीत. आता ईस्टरला उठेल. तोवर?"

पोरं एका सुरात म्हणाली, "माती तिचं काम करतेय."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पोळी तव्यावर करपली.

पोरांनी तो नियम असा पाळला की बघत राहावं. एकदा जोएल नावाचं पोरगं बर्फगोळ्याची गाडी दिसल्याबरोबर "आले..." एवढं बोललं आणि त्याचं त्यानंच तोंड दाबलं. फिलूबाईंनी मान वळवली. "जोएल, जमिनीतला शब्द तुझ्या तोंडात कसा आला?" पोरगं पांढरं पडलं. गोळा नको म्हणालं. मीच मग त्याला दोन गोळे दिले.

राखेच्या बुधवारी ज्यांना चर्चला जाता आलं नाही त्यांच्यासाठी फादरांनी डबीतून राख दिली होती. बाई प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढायच्या आणि म्हणायच्या, "तू माती आहेस, मातीत परत जाशील." पाच वर्षांची रोझी, आईबाप झारखंडचे, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मैं माती नहीं है टीचर. मैं रोझी है."

"दोन्ही आहेस," फिलूबाई म्हणाल्या.

मग आवडतं काहीतरी सोडायचं. कुणी जॅम सोडला, कुणी मोबाईल. जोएलनं गणित सोडलं. बाई म्हणाल्या, "आवडतं ते सोडायचं, जोएल." तर म्हणतो, "नुकतंच आवडायला लागलं होतं, टीचर." त्या स्वतः साखर सोडायच्या, मीठ सोडायच्या, बटाटासुद्धा. मी म्हटलं, "आमच्यात उपास म्हणजे एरवीपेक्षा चार घास जास्त. साबुदाणा, रताळं, शेंगदाण्याची आमटी. देव काय म्हणत न्हाई." तर हसल्या. "आमचा देवही बटाट्याला नाही म्हणत नाही, आक्का. मीच म्हणते."

उपवासकाळात मूर्ती झाकतात. तेही शेवटच्या दोन आठवड्यांत, असं फादर म्हणायचे. फिलूबाई पहिल्याच दिवशी झाकायच्या. कापड कमी पडलं म्हणून माझी जुनी जांभळी साडी मागून नेली. मी देऊन विसरले. एके दिवशी भर दुपारी त्यांच्या खोलीत ताक द्यायला गेले. दार लोटलेलं, आत अंधार. आणि खिडकीपाशी भिंतीकडं तोंड करून माझी साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन कुणीतरी उभं. थोडी वाकलेली, माझ्यासारखीच. मीच मला पाठमोरी दिसले, बघा. तांब्या हातातून कसा सुटला नाही, माहीत नाही. मी आवाज न करता दार ओढून घेतलं आणि ओसरीवर येऊन स्वतःचा हात चिमटून बघितला. खोटं कशाला सांगू, ताक मीच पिऊन टाकलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. हौसा नेत नव्हती.

संतोषला शेताचा तो कोपरा विकायचा होता. उंबरापासून ओढ्यापर्यंतचा तुकडा. बावधनचे एक साहेब बंगला बांधायला घ्यायला तयार होते. ते पहिल्यांदा आले ते नेमके रविवारी, हजेरीच्या वेळी. बुटाची नाडी सुटली म्हणून सतरंजीच्या कडेला, खांबापाशी टेकले.

"ती जागा धरलेली आहे," फिलूबाई म्हणाल्या.

"कुणासाठी?"

"तेरेझासाठी."

"कुठं आहे ती?"

अकरा पोरांनी एकदम माना वळवल्या आणि उंबराकडं बघितलं. त्याच कोपऱ्याकडं, जो साहेबांना घ्यायचा होता. साहेब उठले. नाडी न बांधताच गाडीत बसले. चहा केला होता तो तसाच राहिला.

दुसऱ्यांदा आले ते उत्तम शुक्रवारी, बरोबर बारा वाजता. आता बारा म्हणजे आमच्याकडं वेळ चांगली नाही. बारा वाजता शेतात एकटंदुकटं कुणी थांबत नाही, हे तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. आणि उत्तम शुक्रवार म्हणजे येशूला क्रुसावर दिलं तो दिवस. त्या दिवशी ते 'क्रुसाची वाट' करतात. येशू क्रूस घेऊन कुठं पडला, आई कुठं भेटली, अशी चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना. चर्चला जायची बस अडीचला होती, म्हणून फिलूबाईंनी आधी पोरांना शेतातच वाट करायला लावली. चौदा लाकडी क्रूस त्यांनी पहिल्या आठवड्यापासूनच शेताच्या बांधावर चारी बाजूंनी रोवून ठेवले होते. आदल्या दिवसापासून घंटा वाजवायची नसते, म्हणून हातात लाकडी खटखटा.

हरभरा काढून शेत मोकळं पडलेलं. वारा नाही. झाडाचं पान हलत नव्हतं. बांधावरून अकरा पोरं एकामागं एक, कपाळावर जांभळ्या फिती, तोंडातून शब्द नाही. पुढं फिलूबाई काळ्या साडीत. खट. खट. खट. एका क्रुसापाशी थांबायचे, गुडघे टेकायचे, उठायचे. खट. खट. माझी गाय दावं तोडून पळाली. साहेबांची गाडी फाट्यावरून आत वळली, थांबली, काच थोडी खाली झाली. आणि ती आली तशी मागं मागं गेली, वळायलासुद्धा थांबली नाही.

संध्याकाळी साहेबांचा फोन. जागा नको.

त्या संध्याकाळी हौसानं चुलीपाशी बसून सगळं उलगडून सांगितलं. "मी तुम्हाला कवाधरनं सांगतीया, आक्का. त्या बाईनं शेत बांधलंय. चारी बाजूला खुंट्या मारल्यात, मोजल्यात का? चौदा हायेत. उंबराखाली पुरलंय. जांभळं फडकं, कपाळाला राख. आन त्या पोरीचं नाव घेतीया, ती कोण? कुणी बघितलीया का? मेलेल्याला हाक मारतीया ती. तुमच्याच शेतात."

शेत बांधतात हे आमच्यात सगळ्यांना माहीत. नजर लागू नये म्हणून बांधतात, दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणूनही बांधतात. खुंट्या, राख, पुरलेलं काहीतरी. हौसाचं म्हणणं मला खोडता येईना. एकेक गोष्ट बरोबर बसत होती.

संतोष म्हणाला, "आई, सोमवारी त्यांना खोली सोडायला सांगतो. आन ते पुरलेलं उद्या काढून टाकायचं. नदीत सोडायचं."

"वर्ग?" मी विचारलं.

"वर्ग गेला उडत. माझं गिऱ्हाईक गेलं ते दिसत न्हाई का तुला?"

रात्रभर मला झोप लागली नाही. बाई गेली तर अकरा पोरं कुठं जाणार, हा एक विचार. आणि बाईनं खरंच काही केलं असलं तर, हा दुसरा. अडीच वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्याबद्दल असा विचार मनात आला, याची लाज हा तिसरा.

म्हटलं, दुसऱ्या कुणी हात लावण्यापेक्षा मीच लावते. काय असेल ते माझ्या अंगावर येऊ दे, आता राहिलेत किती दिवस. शनिवारी दुपारी खुरपं घेऊन उंबराखाली गेले. त्यांच्यात तो शनिवार नुसता शांत असतो. येशू थडग्यात, देवघर रिकामं, प्रार्थनासुद्धा हळू आवाजात. त्या दिवशी आमच्या गावातही तसंच होतं. कुत्रं भुंकलं नाही. उंबरावर एरवी केवढे पक्षी, एक नाही.

वीतभर माती काढली आणि पत्रा लागला. डबा बाहेर काढला. फडक्याची गाठ सोडताना मनात कुलदेवीचं नाव घेतलं, मग फिलूबाईंच्या मरियेचंही घेतलं. म्हटलं, जिची सत्ता असेल ती येईल.

आत अकरा कागद. जोएलचा हिरवा, त्यात 'ले'चा 'ळे' केलेला. रोझीच्या कागदावर अक्षरं नाहीतच, एक सूर्य आणि एक कोंबडी. त्याखाली पांढऱ्या लोकरीचं टोपडं. एवढंसं. माझ्या मुठीत मावेल इतकं. धुवून धुवून पिवळट पडलेलं. त्याला टाचणीनं लावलेली चिठ्ठी, शाई उडालेली. तेरेझा.

"एक दिवस लवकर काढलंत, आक्का."

फिलूबाई मागं उभ्या होत्या. कधी आल्या, पाचोळा वाजला नव्हता. मी वळले नाही. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याशेजारी मातीत बसल्या, काळी साडी न आवरता.

"शेत बांधलंय म्हणतात ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला ऐकू येतं, आक्का. हौसाबाईंचा आवाज तसा बारीक नाही."

मी टोपडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि दोन बोटांनी सरळ केलं.

"आठव्या महिन्यात झाली," त्या म्हणाल्या. "रडलीच नाही. पाणीसुद्धा लागलं नाही तिला, बाप्तिस्म्याचं. तेव्हा जुनी माणसं म्हणायची, पाणी न लागलेलं पोर कबरस्तानात पुरायचं नाही. मग ह्यांनी भिंतीच्या बाहेर, एका शेताच्या कडेला पुरली. मला दवाखान्यातून उठू दिलं नाही. कुठल्या शेताच्या, तेही नंतर नीट सांगता येईना त्यांना. झाड होतं म्हणाले. उंबराचं असेल."

उंबराचं एक फळ पडलं. दोघी दचकलो.

"आता फादर म्हणतात, देव असा भेद करत नाही. मीच पोरांना शिकवते की करत नाही. शिकवते आणि घरी येऊन मलाच पटत नाही." त्यांनी चिठ्ठीवर अंगठा फिरवला. "नाव मी ठेवलं. कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत लागले तेव्हा पहिल्या दिवशी हजेरी घेताना आपोआप तोंडातून आलं. मग वाटलं, हजेरीत नाव असलं की पोर हरवत नाही. रोज कुणीतरी हाक मारतं."

जे सुचलं ते मी विचारलं. "मंग दरवर्षी पहिलीतच? इतकी वरसं?"

"पुढं कशी ढकलू, आक्का?" त्या म्हणाल्या. "एकदासुद्धा हजर म्हणाली नाही."

असं म्हणून हसल्या. त्या हसण्यानं माझ्या अंगावर जो काटा आला तो साडी बघून आला नव्हता.

आम्ही दोघींनी डबा परत बांधला. खड्ड्यात ठेवला. मीही एक मूठ माती टाकली. घरी आले तर संतोष ओसरीवर उभा. "काय निघालं?"

"पोरांची चित्रं हायेत. सूर्य हाय, कोंबडी हाय."

"आन खुंट्या?"

"त्यांच्या देवाची वाट हाय ती. आन संतोष, नीट ऐक. उंबराचा कोपरा मी देणार न्हाई. सही माझी लागती."

"साहेबानं विचारलंय का आता? नको म्हणाला की."

"दुसरा येईल. त्यालाबी न्हाई. आन टीचर कुटं जाणार न्हाईत."

"तुझ्यावर काय करणी झाली का, आई?"

"व्हय," म्हटलं. "झाली. गाईला पाणी दाव जा."

हौसानं माझ्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, तेव्हा तिची खात्रीच पटली. टोपड्याबद्दल मी दोघांनाही बोलले नाही. ते माझं नव्हतं बोलायचं.

ईस्टरच्या रविवारी सकाळी पोरं नवे कपडे घालून आली. मूर्तीवरची माझी साडी निघाली होती, घडी घालून माझ्या दारात ठेवलेली. पोरांनी उंबराखाली माती उकरली. फिलूबाईंनी आधी टोपडं काढून पदराखाली घेतलं, ते मी पाहिलं, मग डबा पोरांना दिला. पहिला मान सगळ्यांत धाकटीचा. रोझीनं कागद डोक्यावर धरला आणि अशी ओरडली "आलेलुया" की माझी गाय पुन्हा पळाली. चाळीस दिवस पोरांच्या पोटात दाबलेला शब्द अकरा तोंडांतून बाहेर पडला. हौसासुद्धा दारात येऊन उभी राहिली. हातात मिरच्या होत्या, पण उभी राहिली.

मग ओसरी, सतरंजी, रजिस्टर. अकरा नावं, अकरा हजर. फिलूबाईंनी चष्मा वर केला.

"तेरेझा."

पोरांनी माना वळवल्या. तो एक श्वास गेला. फिलूबाई पेन टेकवणार, तेवढ्यात रोझी उठून उभी राहिली. तिनं उंबराकडं बघितलंच नव्हतं. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत होती.

"टीचर," ती म्हणाली, "ये बहुत छोटी है. इसको बोलना नहीं आता. मैं बोलती." आणि स्वतःच्या आवाजापेक्षा बारीक आवाज काढून म्हणाली, "हजर टीचर."

फिलूबाईंचं पेन हातातच राहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. पोरं चुळबुळली नाहीत, हे मात्र सांगते, आणि अकरा पोरं चुळबुळत नाहीत हे कधी पाहिलंय का तुम्ही?

रोझीला कसं कळलं, हे तुम्ही विचारणार. मीही माझ्या मनाला विचारलं. डबा पुरताना तिनं टोपडं पाहिलं असेल. पोरं सगळं बघतात. हेच खरं, असं मी दिवसा म्हणते.

फिलूबाईंनी रजिस्टरात लिहिलं. नेहमीपेक्षा वेगळं लिहिलं, कारण पेन वर जाऊन खाली आलं, तिरकं. मग टिपायचा कागद ठेवून पान मिटलं. आवाज नेहमीचाच होता. "चला. आज काय उठलं?" पोरं म्हणाली, "येशू." कुणीतरी मागून म्हणालं, "गाय."

जूनमध्ये नवीन रजिस्टर केलं. बाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून रेघा मीच मारून दिल्या, नावं त्यांनी लिहिली. बाराव्या नावापुढं इयत्तेच्या रकान्यात आकडा बघितला. दुसरी. मी दोघींसाठी चहा टाकला, त्यांच्या कपात साखर जरा जास्त घातली.

एवढं सगळं लांबून ऐकून समजत नाही हो. तुम्ही याच एकदा, आणि लवकर या. पुढचा राखेचा बुधवार फार लांब नाही, आणि आम्ही दोघीही काही तरुण होत नाही. फाट्यावरून आत वळा, निळी सतरंजी दिसेल, पोरांचा गलका ऐकू येईल. चहा मिळेल. कुठंही बसा, घर तुमचंच आहे. फक्त खांबापाशी, रोझीच्या शेजारी बसू नका. ती जागा धरलेली आहे.